एका पन्नीचे तीस हजार तुकडे

नागपूरच्या झिरो माइलवर वेगवेगळ्या शहरांची अंतरं कोरली आहेत, हे शाळेच्या सहलीपासून सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे आणखी एक आकडा नोंदलेला आहे, त्याच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे १०२० फूट. इंग्रजांच्या मोजणी खात्याने देशाच्या पोटात बसलेल्या या शहराचा हिशेबही समुद्रापासूनच सुरू केला. इथून बंगालचा उपसागर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे आणि अरबी समुद्र त्याहूनही लांब. पण पाण्याला अंतर कळत नाही, त्याला उतार कळतो. ३११ मीटर खाली उतरलं की समुद्र, पाण्यापुरता हिशेब इतका साधा आहे.

त्या उताराची वाट पावसाळ्यात कोणत्याही पुलावर उभं राहिलं की दिसते. अंबाझरीकडून येणारी नाग नदी पंचशील चौक, मोक्षधाम, अशोक चौक, जगनाडे चौक असं शहर कापत सुमारे १७ किलोमीटर जाते. पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि ते पाणी कन्हानमध्ये पडतं. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला भेटते. त्याच्या खाली पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण, ३३ दरवाजांचं. धरणातून सुटलेली वैनगंगा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. नाशिकची गोदावरी आणि नागपूरची नाली तिथे एक होतात. मग मेडीगड्डा, भद्राचलम, राजमहेंद्री, दवळेश्वरमचा बंधारा, आणि त्याच्याखाली फाटे फुटून कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आणि समुद्र.

२०१५ साली अमेरिकेतल्या जेना जॅम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक हिशेब मांडला. दरवर्षी समुद्रात किती प्लास्टिक जातं, याचा जगभर उद्धृत होणारा आकडा तिथूनच आलेला आहे. १९२ देश धरले, वर्ष २०१०, आणि उत्तर आलं ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. मोजण्याची पद्धत समजण्यासारखी होती. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी माणसं घ्यायची, त्यांचा कचरा काढायचा, त्यातला नीट न हाताळलेला किती ते ठरवायचं आणि त्याचा काही हिस्सा समुद्रात जातो असं धरायचं. या गणितात मुंबई होती, रत्नागिरी होती. नागपूर नव्हतं. २०११च्या जनगणनेनुसार २४ लाख लोकवस्तीच्या शहराचा समुद्रातला वाटा शून्य धरला गेला, कारण ते फार आत होतं.

सहा वर्षांनी, २०२१मध्ये, लॉरेन्स मायर आणि सहकाऱ्यांनी नद्यांच्या वाटेनं तोच प्रश्न पुन्हा सोडवला. त्याआधी असं मानलं जायचं की गंगा, यांगत्से अशा मोजक्या महानद्याच बहुतेक प्लास्टिक वाहून नेतात. नव्या गणितात ते चित्र मोडलं. नद्यांमधून जाणाऱ्या प्लास्टिकच्या ८० टक्के वाट्यासाठी एक हजाराहून जास्त नद्या जबाबदार निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी शहराला लागून वाहणाऱ्या छोट्या नद्या होत्या. आपल्या कल्याण-ठाण्याची उल्हास नदी त्या यादीत जगात अगदी वरच्या काही नावांत आहे. एकूण आकडा वर्षाला ८ ते २७ लाख टन. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा. उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकपैकी एका वर्षात समुद्रात पोहोचतं सरासरी दीड टक्का.

साडेअठ्ठ्याण्णव टक्के वाटेतच थांबतं. नदीकाठच्या बाभळीत, पुलाच्या खांबाला, शेताच्या बांधाला, धरणाच्या फुगवट्यात. शहर जितकं समुद्रापासून लांब, तितकं पोहोचण्याचं प्रमाण कमी. म्हणजे नागपूरला शून्य धरणं चूक असलं, तरी नागपूरचं बहुतेक प्लास्टिक अजून समुद्रात गेलेलं नाही हे खरं आहे. ते इथेच आहे, किंवा खाली भंडाऱ्यात. गोसीखुर्दच्या फुगवट्यात नाग नदीचं पाणी येऊन मिळतं, तेव्हा शहराचं सांडपाणी आणि त्यासोबतचा सगळा गाळ-कचरा त्या पाण्यावर पोट असलेल्या ढिवरांच्या जाळ्यात आधी येतो. समुद्रातल्या कासवाआधी त्याची झळ वैनगंगेच्या माशाला आणि ढिवराला लागते. नाग नदीच्या प्रदूषणावरच्या १९२५ कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली. ते काम मुख्यतः सांडपाण्याचं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिक, शुद्धीकरण केंद्रात विरघळत नाही.

थांबलेलं प्लास्टिक कायमचं थांबलेलं नसतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या घरांत पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, संसार भिजले. त्या रात्री नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं अडकून बसलेलं जे काही होतं ते खाली सरकलं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीला वैनगंगेला आलेल्या पुरात गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले होते. जुलै २०२२मध्ये दवळेश्वरमच्या बंधाऱ्यावरून २५ लाख क्युसेकच्या घरात पाणी समुद्राकडे गेलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. तेव्हा सेकंदाला सात कोटी लिटर. दहा वर्षं बाभळीत लटकलेल्या पिशवीला असा एक दिवस पुरतो. वर्षाला दीड टक्का हा आकडा सरासरीचा आहे, नदी मात्र सरासरीने वाहत नाही.

आता वजनाकडे वळतो, कारण सगळी गल्लत तिथे होते.

जगात १९५० ते २०१५ या काळात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं. १९५० साली वर्षाचं उत्पादन २० लाख टन होतं, आज ते ४० कोटी टनांच्या पुढे आहे. तेव्हा वर्षभरात जेवढं व्हायचं तेवढं आता दोन दिवसांत होतं. त्या ८३० कोटींपैकी ६३० कोटी टनांचा कचरा झाला. त्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं, १२ टक्के जाळलं आणि बाकीचं ७९ टक्के डम्पिंग यार्डात किंवा उघड्यावर पडलं. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात २०२०-२१ या वर्षी देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा झाला. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की भारतात उघड्यावर जाणारं किंवा उघड्यावर जाळलं जाणारंच प्लास्टिक वर्षाला ९३ लाख टन आहे, जगात सर्वांत जास्त. त्यातलं ५८ लाख टन जळतं, ३५ लाख टन तसंच पसरतं. सरकारी एकूण कचऱ्याच्या दुपटीहून जास्त नुसता न उचललेला कचरा! दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत. फरक मुख्यतः कुठे मोजलं याचा आहे. घंटागाडीत येतं ते वजनकाट्यावर चढतं. नालीत जातं त्याला काटा नाही, ते अंदाजानेच धरावं लागतं.

नालीत जाणाऱ्यांपैकी एक वस्तू विदर्भाची स्वतःची आहे. खर्र्याची पन्नी. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकासाठी सांगतो. पानठेल्यावरचा माणूस पातळ प्लास्टिकच्या चौकोनावर सुपारीचे तुकडे टाकतो, त्यावर तंबाखू, त्यावर बोटाने ओला चुना. पन्नीची घडी घालतो आणि फळीवर तळहाताने दाबून घोटायला लागतो. चर्र-चर्र आवाज येतो, सुपारी-तंबाखू-चुना एकजीव होतो, पन्नी पिळून बांधली जाते आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जाते. खाऊन झालं की ती तिथल्या तिथे पडते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, पुढच्या आदेशांत खर्रा-माव्याचीही नावं आली. पातळ पिशव्यांवर राज्याने मार्च २०१८मध्ये बंदी आणली, १ जुलै २०२२पासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आहे. आतला माल बंद, वरचं वेष्टन बंद, आणि पानठेल्यासमोरच्या नालीत पन्न्यांचा थर तसाच. तोंडाच्या कर्करोगाचं दुःख या भागाने किती सोसलं आहे तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे फक्त पन्नीबद्दल बोलतो.

एक पन्नी उचलून धुतली आणि फुटपट्टी लावली. साधारण १५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब. वजन एक ग्रॅमच्या आसपास धरू. किलोभर व्हायला अशा हजार लागतील. भंगारवाल्याकडे पाण्याची बाटली विकली जाते, दुधाची पिशवी विकली जाते. कचरा वेचणारी बाई दिवसभर वाकून हजार पन्न्या वेचेल तेव्हा कुठे तिच्या पोत्यात एक किलो पडेल, तोही चुन्या-तंबाखूने माखलेला, ज्याला कुणी भाव देणार नाही. म्हणून बाटली उचलली जाते आणि पन्नी राहते. यात त्या बाईचा काहीच दोष नाही. वजनावर पैसे मिळतात आणि पन्नीला वजनच नाही.

आता ही पन्नी उन्हात पडली, पाण्यात घासली गेली, ठिसूळ झाली असं समजा. प्लास्टिक कुजत नाही, तुटतं. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद असे तिचे तुकडे झाले तर किती होतील? १५० गुणिले २००. तीस हजार. एक पन्नी, तीस हजार तुकडे. ते आणखी तुटून दशांश मिलिमीटरचे झाले तर तीस लाख. वजन तेवढंच, एक ग्रॅम.

गंमत म्हणून नव्हे, भीती वाटते म्हणून हे गणित पुढे नेतो. नागपूर शहरात आणि आसपास रोज एक लाख माणसं दोन-दोन खर्रे खातात असं गृहीत धरू. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पाहणीचा आकडा नाही, आणि पानठेले बघितले की तो जास्त वाटत नाही. रोज दोन लाख पन्न्या, वर्षाला ७ कोटी ३० लाख. वजन ७३ टन. आणि एक मिलिमीटरचे तुकडे? दोन लाख कोटींहून जास्त. दोनावर बारा शून्यं.

हा आकडा शेजारी ठेवून बघायला एक जागा आहे. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांच्या मध्ये प्रशांत महासागरात प्रवाहांच्या भोवऱ्यात प्लास्टिक साठतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्या पट्ट्याचं क्षेत्र १६ लाख चौरस किलोमीटर निघालं, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं. त्यात प्लास्टिकचे तुकडे १ लाख ८० हजार कोटी. म्हणजे जगातल्या सर्वांत बदनाम कचऱ्याच्या पट्ट्यात जितके तुकडे तरंगताहेत, त्याहून जास्त तुकडे एका शहराच्या एका वर्षाच्या खर्र्याच्या पन्न्यांमधून होऊ शकतात. वजनाचं बघाल तर तिथे ७९ हजार टन आहे, इथे ७३ टन. हजार पटींनी कमी! याच कारणाने टनांची भाषा इथे अपुरी पडते. त्या पट्ट्यातही ९४ टक्के तुकडे पाच मिलिमीटरहून लहान आहेत आणि वजनात त्यांचा वाटा फक्त ८ टक्के. वजनाचा मोठा वाटा, ४६ टक्के, एकट्या मासेमारीच्या जाळ्यांचा. जाळं गळा आवळून मारतं, तुकडा पोटात जाऊन मारतो. दोन वेगळे मृत्यू आहेत आणि दोन्ही टनांच्या एकाच स्तंभात मोजले जातात.

सगळ्या महासागरांचा मिळून २०२३मध्ये आलेला अंदाज आहे १७१ लाख कोटी तुकडे, वजन २३ लाख टन. हा फक्त पृष्ठभागावर तरंगणाऱ्यांचा. महासागरांचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर दोन चौरस मीटरला एक तुकडा येतो. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, जिथे कधी जहाज गेलं नाही तिथेही, पाण्यावर चटई अंथरली तर तिच्याखाली एक तुकडा सापडावा, इतकं. प्रत्यक्षात ते सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत हे उघड आहे, कुठे दाट आहेत, कुठे विरळ. आणि एका तुकड्याचं सरासरी वजन १३ मिलिग्रॅम.

पृष्ठभागावर २३ लाख टन, आणि आतापर्यंत गेलेलं तर त्याच्या कितीतरी पट. बाकीचं कुठे आहे? काही किनाऱ्यांवर, काही तळाला. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने २०२०मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म प्लास्टिकचा अंदाज दिला, १ कोटी ४४ लाख टन. मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर १९९८ साली काढलेल्या छायाचित्रात एक प्लास्टिकची पिशवी दिसते. एव्हरेस्ट तिथे बुडवला तर त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर पाणी राहील. त्याच गर्तेत सहा-सात किलोमीटर खोलीवर सापडलेल्या कोळंबीसारख्या एका जिवाच्या पोटात बाटल्यांचं प्लास्टिक निघालं. विज्ञानाला तो जीव नवा होता. २०२०मध्ये त्याचं बारसं झालं, युरिथेनिस प्लास्टिकस. माणसाची आणि त्याची ओळख व्हायच्या आधी आपलं प्लास्टिक त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं.

प्लास्टिक ४५० वर्षं टिकतं, हजार वर्षं टिकतं, असे तक्ते शाळांच्या भिंतींवर लावलेले असतात. मला ते पटत नाहीत. उद्योगाच्या कामाचं पॉलिथिन पहिल्यांदा इंग्लंडमधल्या आयसीआयच्या प्रयोगशाळेत १९३३ साली, तेही अपघाताने, तयार झालं. शंभर वर्षांची पन्नी अजून जगात कुणी पाहिलेलीच नाही. समुद्रातली जुनी नोंद सापडते ती १९५७ची, अटलांटिकमध्ये प्लवक गोळा करणाऱ्या यंत्रात मासेमारीचा प्लास्टिकचा दोर अडकला होता. १९६५मध्ये आयर्लंडजवळ त्याच यंत्रात पिशवी अडकली. माणसाच्या एका आयुष्यात एवढं सगळं झालं आहे.

आता ज्यांच्या पोटात ते जातं, त्यांच्याबद्दल.

समुद्री कासवाच्या घशात, अन्ननलिकेच्या आतल्या बाजूने, पोटाकडे वळलेले काटे असतात. जेलीफिशसारखं बुळबुळीत भक्ष्य निसटू नये आणि पाणी तेवढं बाहेर टाकता यावं म्हणून ही सोय. लाखो वर्षांत घडलेली ही रचना प्लास्टिकच्या बाबतीत उलटते. एकदा आत गेलेली पन्नी काटे आतच ढकलत राहतात, ओकून टाकायची वाट बंद. कासव पिशवीला जेलीफिश समजतं असं आपण ऐकत आलो, पण फसवणूक नुसत्या डोळ्यांची नाही. समुद्रात काही दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो आणि त्याला खाण्यासारखा वास येतो. २०२०मध्ये झालेल्या प्रयोगांत कासवांनी अशा प्लास्टिकच्या वासाला खऱ्या अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. त्यांना ते अन्नच वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलेल्या शेकडो कासवांच्या नोंदी तपासून २०१८मध्ये एक भयंकर हिशेब केला. पोटात प्लास्टिकचा एक तुकडा असेल तर त्यामुळे मरण्याची शक्यता २२ टक्के. चौदा तुकडे असतील तर ५० टक्के. आता दुसरी नोंद. २०१९मध्ये फ्लोरिडात बोका रॅटनला किनाऱ्यावर आलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या पिल्लाच्या पोटात १०४ तुकडे निघाले.

ही पिल्लं आपल्याला परकी नाहीत. कोकणात वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, आणि हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. एवढ्या कष्टाने समुद्रात सोडलेलं पिल्लू पहिली काही वर्षं प्रवाहांच्या मर्जीने तरंगत राहतं. आणि तरंगणारं प्लास्टिकही नेमकं त्याच प्रवाहांतून जातं. जिथे पिल्लाला आसरा आणि खाणं मिळायचं, तिथेच तुकडे गोळा होतात.

पश्चिमेची कासवं पश्चिमेला आणि पूर्वेची पूर्वेला, असंही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या वाळूत येऊन अंडी घालून गेली. साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. म्हणजे रत्नागिरीत अंडी घालणारं कासव त्या समुद्रातूनही जातं, जिथे गोदावरी विदर्भाचं पाणी नेऊन ओतते. गोदावरीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवरही याच जातीची कासवं अंडी घालतात. आणि पुराच्या महिन्यांत, जुलै ते सप्टेंबर, जेव्हा नदीतून सगळ्यांत जास्त कचरा खाली येतो, नेमकी तेव्हाच समुद्रातली हिलसा मासळी गोड्या पाण्यात अंडी घालायला गोदावरीत वर चढते. आंध्रात तिला पुलसा म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल तो भाव मोजतात. खाली येणारा कचरा आणि वर जाणारी मासळी, दोघांची वेळ एक आणि वाट एक.

तुकडा जितका लहान, तितके त्याला गिळणारे जास्त. पूर्ण पिशवी गिळायला कासव किंवा देवमासा लागतो. नोव्हेंबर २०१८मध्ये इंडोनेशियात वाकाटोबीला मरून पडलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात जवळजवळ सहा किलो प्लास्टिक होतं, त्यात ११५ पेले, २५ पिशव्या आणि दोन चपला. मार्च २०१९मध्ये फिलिपाइन्समध्ये एका देवमाशाच्या पोटातून ४० किलो निघालं. अशा फोटोंनी जग हळहळतं. पण एक मिलिमीटरचा तुकडा बांगड्याच्या पिल्लाच्या तोंडात जातो आणि दशांश मिलिमीटरचा प्लवकांच्या पोटात. तिथून तो साखळीने वर चढतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २०२२मध्ये झालेल्या अभ्यासात ब्लू व्हेलच्या पोटात दिवसाला एक कोटीपर्यंत सूक्ष्म तुकडे जात असावेत असं निघालं. त्यांतले ९९ टक्के पाण्यातून नव्हे, तर त्याने खाल्लेल्या क्रिल या इवल्या जिवांच्या पोटातून. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी सर्वांत लहान तुकड्यांनी भरतो आहे, आणि त्याचा फोटो निघत नाही.

म्हणून मला वाटतं, समुद्रातून प्लास्टिक काढायच्या बातम्या कितीही मन लावून वाचल्या, तरी खरी संधी नागपूरसारख्या शहराच्या हातात आहे. मुंबईच्या नाल्यात पडलेल्या पिशवीला भरती-ओहोटीच्या एका फेरीचा अवकाश असतो. नागपूरच्या पन्नीला कित्येक पावसाळे लागतात. तेवढा वेळ ती इथे असते आणि सुरुवातीला तरी अखंड असते. इथे ती एक वस्तू आहे, दोन बोटांनी उचलता येते. समुद्रात ती तीस हजार वस्तू होईल आणि तेव्हा जगातली कोणतीही जाळी तिला गाळू शकणार नाही, कारण त्या मापाची जाळी लावली तर तुकड्यांसोबत सगळं प्लवकही गाळलं जाईल, म्हणजे समुद्राचं अन्नच. प्लास्टिक आवरायचा जागतिक करार करू असं २०२२ साली नैरोबीत देशांनी ठरवलं. डिसेंबर २०२४मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला एकमत झालं नाही. त्याची वाट बघत बसायची नागपूरला गरज नाही. सांडपाण्यावर काम करणारी नीरी ही देशातली मोठी संस्था १९५८पासून याच शहरात आहे. नदीत कुठे काय वाहतं ते मोजायला परगावाहून कुणाला बोलवावं लागणार नाही.

दर उन्हाळ्यात नाग नदीत पोकलेन उतरतात आणि मृगाच्या आधी पात्र मोकळं होतं. हे काम चांगलं आहे. फक्त काढलेला गाळ काठावरच ढीग करून राहिला तर पहिल्या जोरदार सरीला तो पुन्हा पात्रात येतो, आतल्या पन्न्यांसह. गाळ त्याच दिवशी उचलला पाहिजे आणि मोठ्या नाल्या जिथे नदीत उतरतात त्या प्रत्येक तोंडाला जाळी असली पाहिजे, आणि ती रोज साफ झाली पाहिजे, कारण तुंबलेली जाळी रात्रीच्या पावसात वस्ती बुडवते. पन्नीला वजन नाही म्हणून भाव नाही, तर तिला वजनाऐवजी नगावर भाव द्यायला हवा. शंभर पन्न्यांना ठरावीक पैसे, वेचणाऱ्या बाईच्या हातात रोख. बंदी मोडून पन्नीचे गठ्ठे पुरवणाऱ्यांच्या दंडातून हे पैसे सहज निघतील. पानठेलेवाल्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याला गठ्ठा देणाऱ्याच्या मागे लागणं सोपं आहे, ते संख्येने थोडे आहेत.

खर्च परवडेल का, हा प्रश्न येणारच. भांडेवाडीच्या यार्डात नागपूर रोज हजार टनांहून जास्त कचरा नेऊन टाकतं. ते काम अवाढव्य आहे आणि रोज होतं. वर धरलेल्या अंदाजाने वर्षभराच्या सगळ्या पन्न्या मिळून ७३ टन भरतात. या शहराच्या रोजच्या कचऱ्यातला दोन तासांचासुद्धा वाटा नाही तो.